केलेब विल्यम्स २०२५ च्या सीझनमध्ये सुधारेल का?

प्रश्न: मी नुकताच शिकागोला आलोय. ऑफिसात सगळे बेअर्सबद्दल, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमबद्दल, बोलत असतात. २०२५ च्या सीझनमध्ये क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स आणि बेअर्सच्या ऑफेन्सकडून (चेंडू घेऊन आक्रमण करणाऱ्यांकडून) काय अपेक्षा ठेवायची?

उत्तर:

हे उत्तर २०२५ चा सीझन सुरू होण्याआधीचं आहे. माझ्या मते विल्यम्स नक्की सुधारेल, आणि ते सगळ्यात आधी सॅकच्या आकड्यात दिसेल. क्वार्टरबॅक म्हणजे ऑफेन्स चालवणारा, पास टाकणारा खेळाडू. पास टाकण्याआधीच, चेंडू हातात असताना त्याला प्रतिस्पर्ध्यांनी पाडलं की तो सॅक. गेल्या, म्हणजे २०२४ च्या, त्याच्या पहिल्याच सीझनच्या १७ मॅचमध्ये विल्यम्स ६८ वेळा पडला. म्हणजे दर मॅचला चार. एनएफएल या लीगमध्ये इतका मार दुसऱ्या कोणी खाल्ला नाही. पहिल्याच वर्षी याहून जास्त सॅक झालेला एकच क्वार्टरबॅक आहे, ह्यूस्टनचा डेव्हिड कार, २००२ मध्ये ७६.

१० नोव्हेंबर २०२४ ची पेट्रियट्सविरुद्धची मॅच मी मुलीला घेऊन सोल्जर फील्डवर, बेअर्सच्या स्टेडियमवर, पाहिली. बेअर्स १९-३ ने हरले आणि विल्यम्स नऊ वेळा आडवा झाला. मुलगी बोटांवर मोजत होती. आठव्या सॅकनंतर तिने हात मिटून खिशात घातले. आमची जागा खूप वर होती आणि त्याचा एक फायदा झाला. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे रिसीव्हर (पास झेलणारे) कुठे पळतायत ते कळत नाही. वरून सगळं एकदम दिसतं. काही वेळा तर विल्यम्स चेंडू घेऊन मागे सरकेपर्यंतच समोरची भिंत, म्हणजे त्याला वाचवणारी लाइन, मधोमध फुटलेली असायची, तिथे तो बिचारा काय करणार? पण काही वेळा जवळच एक रिसीव्हर मोकळा उभा दिसत होता आणि हा मात्र लांबचा कोणीतरी सुटेल म्हणून थांबला होता. तेवढ्यात धाडकन पडला. आजूबाजूचे लोक फक्त लाइनला शिव्या घालत होते, ते मला पटलं नाही. दोष दोघांचाही होता. दोनच दिवसांनी ऑफेन्सचे डाव आखणारा कोच (ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर) शेन वॉल्ड्रन याला काढलं.

ही थांबायची सवय कॉलेजातली. यूएससी विद्यापीठात असताना तो असाच निसटून, गिरक्या घेऊन मोठे पास द्यायचा, २०२२ ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) त्याला त्यावरच मिळाली. एनएफएलमध्ये पाठलाग करणारा सव्वाशे किलोचा गडीसुद्धा तितकाच चपळ असतो. निसटायला जागाच उरत नाही.

तरीही पोरगा मोडला नाही, आणि माझा भरवसा आहे तो यावर. एवढं सगळं सोसून १७ च्या १७ मॅच खेळला. पासवर ३,५४१ यार्ड, २० टचडाउन आणि फक्त सहा इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास. मध्ये सलग ३५३ पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती न देता टाकले, पहिल्या वर्षाच्या खेळाडूंमधला तो विक्रम आहे. घाबरलेला माणूस चेंडू कुठेही भिरकावतो. याने तसं केलं नाही. उलट जरा जास्तच जपून ठेवला, म्हणून तर पडत राहिला.

टीमच्या गोंधळाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ऑफिसात हा विषय निघणारच. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये बेअर्स तीन पॉइंटनी मागे होते. ३६ सेकंद उरले असताना विल्यम्सचा सॅक झाला. हातात घड्याळ थांबवणारा एक टाइमआउट शिल्लक होता, पण कोच मॅट एबरफ्लूसने तो घेतलाच नाही, घड्याळ पळत राहिलं आणि २३-२० ने हरले. दुसऱ्याच दिवशी एबरफ्लूसची गच्छंती झाली. बेअर्सच्या इतिहासात सीझन सुरू असताना हेड कोचला काढण्याची ही पहिलीच वेळ. सलग दहा पराभव झाले. शेवटच्या मॅचला ग्रीन बेमध्ये जाऊन पॅकर्सना २४-२२ ने हरवलं, तेवढाच दिलासा. कोवळ्या क्वार्टरबॅकला पहिल्याच वर्षी असं घर मिळालं. शिकणार तरी कोणाकडून?

आता कोच आहे बेन जॉन्सन. २०२२ ते २०२४ तो डेट्रॉइटचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता. गेल्या सीझनमध्ये डेट्रॉइटने ५६४ पॉइंट केले, लीगमध्ये सर्वाधिक. बेअर्सचे ३१०. डेट्रॉइटचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ पळण्यात विल्यम्सच्या जवळपासही नाही. आधीच्या टीमने, रॅम्सने, त्याला देऊन टाकलं तेव्हा त्याचं करिअर उताराला लागलं असंच सगळे म्हणत होते. तोच गॉफ जॉन्सनच्या हाताखाली ७२ टक्के पास पूर्ण करू लागला, कारण कोणता पास कधी सोडायचा हे त्याला आधीच ठाऊक असायचं.

जॉन्सनची पद्धत समजली तर मॅच पाहायला दुप्पट मजा येईल. गेल्या वर्षी विल्यम्स बहुतेक वेळा सेंटरच्या (लाइनच्या मधोमध उभं राहून चेंडू मागे देणाऱ्याच्या) चार-पाच यार्ड मागे उभा असायचा, याला शॉटगन म्हणतात. जॉन्सन क्वार्टरबॅकला सेंटरच्या अगदी पाठीशी उभा करतो आणि चेंडू हातात आला की मागे पावलं टाकायला लावतो. त्यातून रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) चेंडू देतोय असं दाखवून पास टाकता येतो. डिफेन्स क्षणभर फसतो आणि मधल्या पट्ट्यात जागा होते. मात्र यात पावलं मोजलेली असतात. तिसरं किंवा पाचवं पाऊल पडलं की चेंडू सुटायलाच हवा. विल्यम्सला याची सवय नाही. मधेच त्याची पाठ मैदानाकडे होते, मग वळून पुन्हा डिफेन्स वाचायचा. त्यामुळे सुरुवातीचे तीन-चार आठवडे खडखडाट होईल असं मी धरून चाललोय. तेव्हा ऑफिसातले लोक हातपाय गाळून बसतील, तुम्ही बसू नका.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे समोरची भिंत. यंदा मधल्या तिन्ही जागा नवीन आहेत. कॅन्सस सिटीकडून जो थूनी आणला, चार सुपर बोल (लीगची अंतिम मॅच) जिंकलेला अनुभवी गार्ड, म्हणजे सेंटरच्या शेजारचा लाइनमन. अटलांटाचा सेंटर ड्रू डॅलमन घेतला. रॅम्सकडून आलेला जोना जॅक्सन जॉन्सनच्या हाताखाली डेट्रॉइटला खेळलेला आहे. क्वार्टरबॅकला सगळ्यात जास्त त्रास होतो तो मधून येणाऱ्या माणसाचा. कडेने आलेल्याला चुकवून पुढे पाऊल टाकता येतं, पण मधूनच कोणी आलं तर पुढची वाटच बंद. म्हणून एखादा चमकदार रिसीव्हर घेण्यापेक्षा हे तिघं आले याचा मला जास्त आनंद झाला. उजव्या कडेला डार्नेल राइट पक्का आहे. डावी कडा अजून ठरलेली नाही. ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा डिसेंबरमध्ये मोडला होता, आणि ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) दुसऱ्या फेरीत निवडलेला ऑझी ट्रॅपिलो अगदी नवा आहे. मला काळजी आहे ती तिथलीच.

चेंडू द्यायला माणसं भरपूर आहेत. डीजे मूर आहे, रोम ओडन्झेचं दुसरं वर्ष आहे, पहिल्या फेरीत टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) कोल्स्टन लव्हलंड आला, दुसऱ्या फेरीत लूथर बर्डन. धावण्याचं मात्र मला कमी वाटतं. डीआंद्रे स्विफ्टने गेल्या वर्षी दर धावेला चार यार्डही काढले नाहीत, आणि धाव चालली नाही तर तो फसवा पासही कोणी खरा मानणार नाही.

आकड्यांचं म्हणाल तर दोन आकडे तुमच्या कानावर पडतील. पहिला ४,००० यार्ड. १९२० पासून चालत आलेल्या या टीमच्या एकाही क्वार्टरबॅकने तो गाठलेला नाही. एरिक क्रेमरने १९९५ मध्ये ३,८३८ केले, २०२४ पर्यंत तोच टीमचा विक्रम होता. विल्यम्स तो मोडेल असं मला वाटतं, ४,००० च्या आसपास पोचेल. दुसरा आकडा ७० टक्के पास पूर्ण करण्याचा, हे लक्ष्य जॉन्सननेच ठेवलंय. गेल्या वर्षी विल्यम्सचे साडेबासष्ट टक्के होते. मला ७० यंदा तरी अवघड वाटतं, आणि त्याचं वाईटही वाटणार नाही. पडण्यापेक्षा चेंडू बाहेर फेकायला तो शिकला तर टक्केवारी खालीच राहील, पण टीमचे यार्ड वाचतील. सॅक मात्र ४० च्या खाली यायलाच हवेत. ते आले नाहीत तर माझं हे उत्तर चुकलं असं समजा.

पहिली मॅच ८ सप्टेंबर २०२५ ला, सोमवारी रात्री, इथेच सोल्जर फील्डवर, मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध. गेल्या सीझनमध्ये त्यांनी बेअर्सना दोन्ही वेळा हरवलं. त्यांचे डिफेन्सचे कोऑर्डिनेटर ब्रायन फ्लोरेस कधी सहा जण पुढे आणून उभे करतात आणि त्यातले तिघं ऐनवेळी मागे पळतात, कधी सहाच्या सहा अंगावर येतात. चेंडू सुटेपर्यंत काय होणार ते कळत नाही. तुम्ही टीव्हीवर पाहणार असाल तर चेंडू विल्यम्सच्या हातात पडला की मनात एक, दोन, तीन म्हणा. तीन म्हणायच्या आत चेंडू किती वेळा सुटतो ते बघा.