जिमखान्यात जिम नाही

गंगापूर रोडवरच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी सहावीत, इंग्रजी माध्यमात. परीक्षेत तिने ‘आय प्ले जिम्नॅस्टिक्स’ आणि ‘आय गो टू द जिमखाना’ अशी दोन वाक्यं लिहिली आणि दोन्हींवर फुली बसली. दुसऱ्यावर बाईंचा शेराही आहे: ‘जिम लिहा. जिमखाना हा इंग्रजी शब्द नाही.’ ताईंना हवंय ते एवढंच की चूक कोणाची आणि इंग्रजीत कुठल्या खेळाला कुठलं क्रियापद लावायचं.

क्रियापदाचं आधी उरकून टाकतो. चेंडू असेल, समोर प्रतिस्पर्धी असेल, हारजीत असेल तर इंग्रजीत ‘प्ले’: क्रिकेट, टेनिस, बुद्धिबळ, पत्ते. नावाच्या शेपटाला ‘इंग’ असेल तर बहुधा ‘गो’: स्विमिंग, सायकलिंग. उरलं ते ‘डू’: कराटे, योगासनं, अ‍ॅथलेटिक्स, जिम्नॅस्टिक्स. (बॉक्सिंगला ‘इंग’ आहे, तरी ते ‘डू’च्या पंगतीत बसतं. पंगत म्हटली की एखादा चुकीच्या पाटावर बसायचाच.) म्हणजे पहिली फुली बरोबर. मुलीने मराठीतलं ‘खेळते’ उचलून तिकडे नेलं, दुसरं काही नाही.

तीन क्रियापदांवर संसार करणाऱ्या त्या भाषेची मला दया येते. आपल्याकडे कबड्डी खेळतात, कुस्ती धरतात, जोर काढतात, बैठका मारतात, सूर्यनमस्कार घालतात, पट्टा फिरवतात, फुगडी घालतात, पतंग उडवतात आणि पत्ते तर चक्क कुटतात. संक्रांतीला येवल्यात गच्चीवर उभं राहून कोणी ‘मी पतंग करतोय’ म्हणालं तर त्याची पतंग कटायच्या आधी त्याचंच नाक कापलं जाईल. एवढी श्रीमंती घरात असताना कॉलेज रोडवरची पोरं म्हणतात काय, तर ‘जिम मारून आलो’. अरे, बैठक मारता येते, सूर मारता येतो, उडी मारता येते, कारण ती एकेक कृती आहे. जिम ही जागा आहे. जागा कशी मारणार? उद्या ‘काळाराम मारून आलो’ म्हणाल! ‘जिम लावली’ हे मात्र मला मान्य आहे. खाणावळ लावतात, शिकवणी लावतात, दूध लावतात, तशी जिम लावली. महिन्याचे पैसे भरले की झालं. गेलं पाहिजे असं थोडंच आहे?

आता खऱ्या गोष्टीकडे येऊ. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक खोली आहे. आत दोन ट्रेडमिल. त्यातल्या एकीवर कायम कोणाचा तरी टॉवेल वाळत असतो, कोपऱ्यात पावडर संपलेला कॅरम, आणि दारावर पितळी अक्षरांत ‘जिमखाना’. शेजारच्या चिरंजीवांना विचारलं, जिमखाना म्हणजे काय रे? म्हणाले, ‘काका, जिमची मोठी साईज.’ त्याचं एक सोडा. चांगले शिकलेले लोकसुद्धा ‘जिम अधिक खाना’ अशी फोड करतात आणि वर ‘खाना म्हणजे घर, दवाखान्यातला’ असं समजावून सांगतात. खाना बरोबर आहे. फारसी आहे, घर किंवा जागा. कारखाना, छापखाना, तोफखाना, नगारखाना, हत्तींचा पीलखाना, सगळे त्याच घरचे. चूक आहे ती पहिल्या तुकड्यात. जिमखान्यात जिम नाही. कधीच नव्हती. तिथे चेंडू होता.

‘गेंद’ म्हणजे हिंदुस्थानीत चेंडू. इंग्रज छावणीत रॅकेट खेळायचं जे बंदिस्त कोर्ट असे, त्याला नोकरचाकर म्हणत ‘गेंदखाना’. त्या गेंदखान्याचा साहेबाच्या तोंडी जिमखाना झाला. हे माझं नाही. 1886 मध्ये यूल आणि बर्नेल यांनी हॉबसन-जॉबसन हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला, त्यात हे आहे. शब्द अगदी अलीकडचा, बनावट आणि बहुधा मुंबई इलाख्यात घडलेला, असं ते सांगतात. आणि त्याच नोंदीत पहिला माग मात्र 1861 सालच्या, पार उत्तरेतल्या रुरकीचा देतात. घडला मुंबईकडे, सापडला रुरकीला! म्हणजे मधला सगळा प्रवास वाचकाने स्वतःच्या खर्चाने करायचा.

गेंदचं जिम झालं कसं? कोशकार म्हणतात, जिम्नॅस्टिक्स हा शब्द मनात होता म्हणून. मला हे पटत नाही. निदान पुरतं पटत नाही. माझं म्हणणं असं की हे पाप कानाचं नाही, डोळ्याचं आहे. रोमी लिपीत ‘गेंद’ लिहून बघा. पहिलं अक्षर जी, पुढे ई. पुस्तकी शब्दात ही जोडी दिसली की इंग्रज ‘ज’ म्हणतो: जनरल, जेंटलमन, जेम. छावणीच्या वहीत एखाद्या कारकुनाने ‘गेंदखाना’ रोमीत लिहिला असेल. तो विलायतेहून नव्याने आलेल्या कॅप्टनसाहेबाने वाचला ‘जेंदखाना’. आणि जेंदखाना एकदा तोंडात बसला की जिमखाना एक पाऊल पुढे. व्यायामाची आठवण झाली असेल ती नंतर, घडलेल्या चुकीला इस्त्री करायला. आता कोणी ‘गेट’ आणि ‘गिव्ह’ घेऊन माझ्या अंगावर येईल. या खुशाल. ते त्यांचे घरचे जुने जर्मानिक शब्द. परका, लांबलचक, वहीत प्रथमच भेटलेला शब्द साहेब लॅटिन-फ्रेंचच्या चालीवर वाचणार, घरच्या चालीवर नाही.

एका गृहस्थांनी मला गेल्या वर्षी ऐकवलं की जिमखाना हा ‘जमातखाना’वरून आला. ऐकायला गोड आहे, ज जुळतो, म जुळतो, त वाटेत गळाला म्हणायचं. पण जमातखाना ही जमातीच्या लोकांनी जमण्याची, प्रार्थनेची जागा. तिथे गोरा सोल्जर रॅकेट घेऊन कशाला शिरेल? ध्वनी जुळला म्हणजे सोयरीक जुळली असं नसतं. तसं असतं तर नाशिकचा चिवडा केवड्याचा भाऊ ठरला असता.

आणि जिमखाना म्हणजे चेंडूचीच जागा हे पुढच्या इतिहासानेही सोडलेलं नाही. बॉम्बे जिमखाना 1875 चा. भारतातली पहिली कसोटी तिथेच झाली, डिसेंबर 1933 मध्ये, इंग्लंडविरुद्ध, आणि लाला अमरनाथांनी 118 केले. डंबेल्स उचलून नाही केले.

एक मोह मात्र आवरत नाही. हॉबसन-जॉबसनचा 1861 हा आकडा आला की मला हटकून देवळाली आठवते, कारण आपल्या देवळालीची लष्करी छावणी 1861 चीच. मुंबई इलाखा, गोऱ्यांची छावणी आणि विलायतेच्या बोटीची वाट पाहत बसलेले रिकामटेकडे सोल्जर. त्या वाट पाहण्याने डोकं फिरलेल्यांसाठी इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द रुजला, पूर्वी ‘डूलॅली टॅप’ म्हणत, म्हणजे देवळालीचा ताप. देवळालीची डूलॅली करणाऱ्या तोंडाला गेंदखान्याचा जिमखाना करणं काय जड? पुरावा माझ्याकडे काडीचा नाही. पण नाशिकरोडहून देवळाली कॅम्पच्या बसमध्ये बसलो की दर वेळी वाटतं. खुद्द हॉबसन-जॉबसन हे नाव तरी काय आहे? मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा आकांत गोऱ्या सोल्जरांच्या तोंडी असा झाला. ज्या रोगाचा कोश, त्याच रोगाचं नाव.

आता जिमखान्याबाहेर काढलेल्या त्या बिचाऱ्या ‘जिम’विषयी दोन शब्द, कारण खरी गंमत तिच्यात आहे. जिम हे जिम्नेशियमचं तुकडं, आणि त्याच्या मुळाशी ग्रीक ‘गुम्नोस’. अर्थ: नागडा. ग्रीक पोरं कपडे उतरवून कसरत करत, म्हणून ‘नागड्याने कसरत करणं’ हे क्रियापद आणि ते करायची जागा जिम्नेशियम. भाषाशास्त्रवाले हा गुम्नोस, इंग्रजी ‘नेकेड’ आणि आपला ‘नग्न’ एकाच मुळाचे धरतात. ग्रीक रूप जरा वेडंवाकडं झालंय, पण नातं तेच. म्हणजे ‘जिम’ आणि ‘नागडा’ हे चुलत-चुलत का होईना, भाऊ. पुढची गंमत बघा. अलेक्झांडरबरोबर आलेल्या ग्रीकांना तक्षशिलेजवळ दिगंबर साधू भेटले, त्यांना ते ‘जिम्नोसॉफिस्ट’ म्हणाले, नागडे तत्त्वज्ञ. आता कुंभमेळ्यात त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर जाणारे नागा साधू डोळ्यांपुढे आणा. नग्न, आणि राहतात कुठे? आखाड्यात! आखाडा म्हणजे पैलवानांचाही तोच. ग्रीकांनी नागडेपणावरून जिम केली, आपण नागड्यांनाच आखाड्यात ठेवलं. कॉलेज रोडवर स्लीव्हलेस बनियन घालून आरशात दंड बघणाऱ्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘काका, आमच्या जिममध्ये बूट सक्तीचे आहेत.’

आखाड्याचंही पोट फाडलं तर आत फासे निघतात. संस्कृत ‘अक्षवाट’, प्राकृतातून घासत घासत आखाडा. अक्ष म्हणजे द्यूताचा फासा, वाट म्हणजे कुंपणातली जागा. जुगाराचं आवार ते कुस्तीचा हौदा ते संन्याशांचा मठ! आणि तालीम ही अरबी, शिकवण या अर्थाची. म्हणून पैलवान तालमीत जातो आणि नटही तालमीला जातो, दोघांचाही घाम निघतो.

ताईंनी पत्राच्या शेवटी जिमखान्याला शुद्ध मराठी शब्दही मागितलाय. व्यायामशाळा म्हणू नका, ती वेगळी, तिथे चेंडू आणला तर वस्ताद हाकलतील. क्रीडांगण आहे. आपल्या भगूरच्या सावरकरांच्या नावावर ज्या शब्दांची यादी सांगतात तिच्यात तोही असतो, चांगला शब्द आहे, मैदानाला शोभतो. पण क्रीडांगणात कॅरम, पत्ते आणि वार्षिक सभेतलं भांडण बसत नाही, ते जिमखान्यातच बसतं. ठेवा तो आहे तसा. शब्दाचं मूळ कळलं म्हणून पाटी बदलावी लागत नाही. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला अर्धं नाशिक अजून ‘गोल्फ क्लब’ म्हणतं. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी म्हाताऱ्यांच्या फेऱ्या होतात, पण गोल्फची काठी घेतलेला माणूस काही मी तिथे पाहिला नाही.

राहता राहिली दुसरी फुली. ‘जिमखाना इंग्रजी नाही’ हा शेरा चूक. इंग्रजीच्या मोठ्या कोशांत तो आहे. फक्त विलायतेत आता त्याचा अर्थ झालाय पोरांच्या तट्टूंवरच्या शर्यती. तिकडे कोणी मुलीचं वाक्य वाचलं तर ही नाशिकची पोर घोड्यावर बसते असं समजेल. बाईंकडे जाऊन अर्धा मार्क मागायला हरकत नाही. पण हे सगळं त्यांना वाचून दाखवू नका, विशेषतः नागड्यांचा भाग.