गॅरेजचा कट्टा : भंगारातले कॅलिपर

प्रश्न : वडिलांची 1980ची मर्सिडीज 240 डी आहे. पुढचं उजवं चाक घासतं, घाट उतरलं की रिमला हात लावता येत नाही. कुर्ल्याच्या भंगारातून याच मॉडेलचे पुढचे दोन कॅलिपर (पिस्टनने ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारे भाग) आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्क आणल्यात. पिस्टन गंजून अडकलेत. एक मिस्त्री म्हणतो, पेट्रोलने धुऊन पॉलिश पेपर मारा. दुसरा म्हणतो, फेकून द्या. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फेकू नका. आणि पेट्रोल तर त्यांच्या जवळपासही नेऊ नका.

सगळा घोटाळा ‘ब्रेक ऑइल’ या शब्दाने केलाय. ते तेल नाहीच. कॅलिपरमधल्या रबराला पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, ग्रीस यातलं काहीही लागलं की ते फुगतं. उमेदवारीत असताना मी रबरी सीलचं एक अख्खं किट रॉकेलमध्ये स्वच्छ धुऊन ठेवलं होतं. सकाळी सील खोबणीत बसेनात. उस्ताद काही बोलले नाहीत, किटचे पैसे तेवढे पगारातून कापले. तेव्हा धुवायचं ते स्पिरिटने किंवा ब्रेक ऑइलनेच.

पिस्टन काढायला हवेचा पाइप लावू नका, गोळीसारखा सुटतो आणि बोटं मधे असतात. कॅलिपर गाडीच्याच ब्रेक पाइपला जोडा, मधे लाकडाची फळी धरा आणि कुणाला तरी पेडल हळूहळू दाबायला सांगा. एक पिस्टन आधी सरकेल. त्याला क्लॅम्पने अडवलंत की समोरचा येतो. कॅलिपरचे दोन अर्धे जोडणारे बोल्ट मात्र उघडू नका.

पिस्टनवर सील जिथे घासतं तिथे नख फिरवा. खड्डा लागला तर तो पिस्टन बाद, पॉलिश पेपरने खड्डा भरत नाही. दुर्लक्ष होतं ते सीलच्या खोबणीकडे. पेडल दाबल्यावर पिस्टनबरोबर सील जरासं पिळतं, सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. स्प्रिंग नसते तिथे, जे काही करतं ते हे सील. खोबणीत गंज साठला की सील पुढे ढकललं जातं आणि पिस्टन आवळला जातो. गंज लाकडी काडीने खरवडा, स्क्रूड्रायव्हरने नको. सील आणि धूळ अडवणारे रबरी बूट नवेच घाला.

डिस्कवरचा तांबूस गंज किरकोळ आहे. चरे खोल असतील तर लेथवर दोन्ही बाजू घासून घ्या, पण कमीत कमी किती जाडी चालते तो आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो, तो पाहून. भेग दिसली तर परत भंगारात. जुन्या पॅडची धूळ फुंकू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

बसवताना हवा काढायचं निपल वर आलं पाहिजे. डावा-उजवा अदलाबदल झाला की ते खाली जातं, मग दिवसभर पंप मारा, हवा निघायची नाही. डॉट 4 या प्रतीच्या ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली आणा. नवं डॉट 4 निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी पिऊन हाच आकडा 155च्या आसपास येऊ शकतो. गेल्या वर्षीची अर्धी बाटली खंबाटकीच्या उतारावर वापरायची नाही ती यासाठी.

आता खरं सांगू? तुमचं पत्र वाचून मला संशय कॅलिपरचा नाही, चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळीचा, म्हणजे होजचा येतोय. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगून बंद होतो. पेडलच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत येत नाही. चाक अडकलेलं असताना जॅक लावून निपल जरा ढिलं करा. चाक लगेच सुटलं तर तुमचा जुना कॅलिपर निर्दोष. दोन्ही बाजूंचे होज बदला आणि कुर्ल्याचा माल स्पेअर म्हणून ठेवा. सुटलं नाही, तर वरचं सगळं करायला घ्या.