सिनेमात बाई खंबीर दाखवायची तर तिला बुलेटवरच का बसवतात?

तुम्ही विचारलंय की नायिका स्वतंत्र आहे हे दाखवायचं म्हटलं की तिच्या हातात बुलेट, ट्रॅक्टर नाहीतर पिस्तूलच का येतं. मला लगेच सैराटची आर्ची आठवली. २०१६ ला आमच्या तालुक्याच्या टॉकीजला बघितलेला, ती बुलेटवरून आली आणि पोरांनी थेटर डोक्यावर घेतलं, ट्रॅक्टरला परत तेच. माझी बहीण तेव्हा अकरावीला होती, ती तर खुर्चीच्या टोकावर येऊन बसलेली, तिचा चेहरा मला अजून आठवतो. त्यामुळे बुलेटला मी नावं ठेवणार नाही, एका सेकंदात, एक शब्द न बोलता पोरगी कशी आहे ते कळतं, दिग्दर्शकाला तेच पाहिजे असतं.

पण ती बुलेट कुणाची? पाटलाची. विहिरीत पोहणाऱ्या पोरांना दरडावून बाहेर काढते त्यात तिचा स्वभाव आहेच, पण मागे बापाचं वजन पण आहे, आणि नागराज मंजुळेंनी ते लपवलेलं नाही, त्याच घरातला तिचा भाऊ भर वर्गात सरांच्या कानाखाली वाजवतो. ताकद एकाच घरातून आलीय दोघांची.

मला विचाराल तर खरी स्वतंत्र आर्ची पारश्याबरोबर पळून गेल्यावर हैदराबादला दिसते. झोपडपट्टीतली खोली, पाणी नाही, भाषा येत नाही, बापाचं नाव तिथे कुणाला माहीत नाही, रडते, चिडते आणि मग बाटल्यांच्या कंपनीत कामाला जाते, तेलुगू शिकते, स्वतःचा पगार घरी आणते. पारश्याशी भांडण होऊन घरी जायला ट्रेनमध्ये बसते आणि स्वतःच ठरवून परत येते. या कशालाच आमच्या थेटरात एक शिट्टी पडली नाही. ते मला आजही लागतं.

बुलेटशिवायची खंबीर बाई आपल्याकडे आधीपासून आहे हो. १९३७ च्या कुंकूमधली शांता आपटेंची नीरा, म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेलं ते ती शेवटपर्यंत मान्यच करत नाही, आणि अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. तेव्हाच्या काळात!

आणि मग १९८२ चा जब्बार पटेलांचा उंबरठा. स्मिता पाटीलच्या हातात ना गाडी ना हत्यार, साधी साडी, महिलाश्रमाची नोकरी, आणि नियमावर बोट ठेवून कमिटीसमोर उभी राहणारी बाई. घरी परत येते तर नवऱ्याचं दुसरीकडे सुरू झालेलं, मुलगी जावेला लागलेली. शेवटी ती रेल्वेत बसलेली दिसते, एकटी, आणि सिनेमा संपतो. आमच्या आईने तो टीव्हीवर पाहिलाय आणि अजूनही विषय निघाला की म्हणते, "सगळं बरोबर आहे गं तिचं, पण पोरीचं काय?" बहीण म्हणते हा प्रश्न बापाला का नाही विचारत कोणी, आणि दोघींचं जे सुरू होतं ते जेवणं उरकेपर्यंत थांबत नाही.

आर्चीच्या बुलेटवर आमच्या घरात असा वाद कधीच झाला नाही, ती सगळ्यांनाच आवडते. उंबरठा पाहिला नसेल तर बघा, आणि जमलं तर आईला शेजारी बसवून बघा.