गरम कास्टिंगमधून तरंग हळू का जातो?

तुम्ही विचारलंय की गरम कास्टिंगवर (ओतीव भागावर) अल्ट्रासॉनिक मीटर, म्हणजे धातूत ध्वनितरंग सोडून जाडी मोजणारा मीटर, जाडी जास्त दाखवतो, तो तरंगाने स्वतः तयार केलेल्या उष्णतेमुळे का? मी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत टेस्टिंग बघतो. आमच्याकडे नव्याने लागलेली पोरंही हेच विचारतात. उत्तर नाही असं आहे, पण तुमच्या शंकेतला तरंगाच्या स्वतःच्या उष्णतेचा भाग फार सुंदर आहे.

आधी मीटरचं बघू. धातू तापला की त्याची स्थितिस्थापकता उतरते आणि तरंग मंदावतो. पोलादात दर 55 अंशांमागे वेग साधारण 1 टक्क्याने घटतो. परवा एक स्टीलचं कास्टिंग टेबलावर आलं, 80 अंशांच्या आसपास, हात लावला तर चटका. व्हर्नियरवर 40 मि.मी., मीटरवर 40.4. मीटर फक्त प्रतिध्वनी परत यायचा वेळ मोजतो आणि थंड ठोकळ्यावर सेट केलेल्या वेगावरून, म्हणजे सेकंदाला सुमारे 5900 मीटर, जाडी काढतो. वेळ जास्त लागला की जाडी जास्त.

आता तरंगाची स्वतःची उष्णता. अनुतरंग (ज्यात धातू तरंगाच्याच दिशेने मागेपुढे हलतो) जाताना धातू जिथे दाबला जातो तिथे किंचित तापतो, जिथे ताणला जातो तिथे किंचित गार होतो. तापलेला भाग जास्त जोराने उलटा ढकलतो, म्हणून या उष्णतेने तरंग हळू होत नाही, उलट थोडा वेगवान होतो! पोलादात हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. गरम भागातून गार भागात उष्णता झिरपली की तेवढी ऊर्जा तरंगाला परत मिळत नाही आणि तो क्षीण होतो. पण 2 मेगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 20 लाख कंपनांना, हे दोन भाग एकमेकांपासून दीड मिलिमीटर लांब असतात आणि अर्ध्या आवर्तनात, म्हणजे पाव मायक्रोसेकंदात, उष्णता जेमतेम एखाद-दोन मायक्रॉन सरकते. त्यामुळे ही गळती नगण्यच.

तरंग आणि उष्णता यांची सांगड घालणारी समीकरणं बायोट या शास्त्रज्ञांनी 1956 साली नीट मांडली. त्यात फूरियेचा उष्णता वहनाचा नियम जसाच्या तसा घेतला की उष्णतेची चाहूल सगळीकडे त्याच क्षणी पोचते, वेग अनंत! तो दोष काढायला 1967 मध्ये लॉर्ड आणि शुलमन यांनी उष्णतेच्या प्रवाहाला सुरू व्हायला थोडा अवधी दिला आणि उष्णताही ठरावीक वेगाच्या तरंगासारखी जाऊ लागली. आमच्या कामात हा अवधी इतका सूक्ष्म आहे की कधीच जाणवत नाही.

अवतरंगाचं (ज्यात धातू तरंगाच्या दिशेला आडवा हलतो) वेगळं. पत्त्यांचा कॅट तिरपा सरकवावा तसा धातूचा आकार बदलतो, घनफळ नाही. दाबच नाही, मग तापणंही नाही. तरीही गरम कास्टिंगमध्ये अवतरंगाचा वेगसुद्धा घटतो. वेग घटण्याचं कारण तरंगाची स्वतःची उष्णता नाही, याला याहून सरळ पुरावा माझ्याकडे नाही.