पेशीचा सांगाडा आणि संदेशवहन: कर्करोगाच्या नव्या अभ्यासकास पत्र

परळ, मुंबई

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. संदेशवहनाचे, म्हणजे पेशीला मिळणारे आदेश आत कसे पोहोचतात याचे, प्रकरण तू फार परिश्रमाने लिहिले आहेस. परंतु पेशीचा सांगाडा, म्हणजे तिला आकार देणारे प्रथिनतंतूंचे जाळे, मात्र संदेश पोहोचल्यावर हलणारी यंत्रणा म्हणून, अखेरच्या दीड पानात उरकला आहेस. माझी हरकत तेथेच आहे.

पेशीत वाढीचा आदेश पुढे नेणाऱ्या रास प्रथिनातील बाराव्या स्थानावरचे ग्लायसीन हे अमिनो आम्ल जाऊन तेथे व्हॅलीन हे दुसरे आले की वाढीचा आदेश थांबतच नाही, हे १९८२ पासून ठाऊक आहे. पण जागच्या जागी वाढणारी गाठ वेगळी आणि शेजारच्या ऊतींत घुसणारा कर्करोग वेगळा. घुसण्यासाठी पेशीला बहुधा शेजारणींशी जोडणारे ई-कॅडहेरिन या प्रथिनाचे बंध सैल करावे लागतात आणि जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीच्या, सांगाड्यातील ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंची पुढच्या कडेला नव्याने जुळणी करावी लागते. ही जुळणी रासच्याच विस्तृत कुळातील प्रथिने पाहतात: रॅकमुळे कडेला पातळ पदर पसरतो, तर ऱ्होमुळे आकुंचन पावणाऱ्या तंतूंच्या जाड जुड्या बांधल्या जातात.

आता उलट दिशेने पाहा. पेशी ज्यावर बसली आहे तो पृष्ठभाग ताठर असेल, तर पेशीला पृष्ठभागाशी जोडणाऱ्या इंटेग्रिन प्रथिनांमार्फत तो ताण ॲक्टिनपर्यंत पोहोचतो आणि यॅप हे प्रथिन केंद्रकात शिरून वाढीची जनुके चालू करते. स्तनातील गाठ तपासताना डॉक्टरांच्या बोटांना लागणारे काठिण्य आतल्या पेशींनाही जाणवत असते. तुझे सर्व प्रयोग मात्र प्लॅस्टिकच्या ताटलीत आहेत, आणि ती मऊ ऊतीपेक्षा लाखो पटींनी ताठर असते. म्हणून प्रत्येक प्रयोगाचा निदान एक संच मऊ जेलवर कर, एवढा माझा आग्रह आहे.

वेस्टर्न ब्लॉट या प्रथिने ओळखण्याच्या चाचणीसाठी आपण पेशी फोडतो. त्यातून प्रथिन किती आहे हे कळते, ते कोठे होते हे हरवते. कर्करोग-संशोधक कमल रणदिवे यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली, ती जिवंत पेशी डोळ्यांसमोर वाढाव्यात म्हणूनच. तोंडाच्या कर्करोगाचे नमुने या शहरात दुर्दैवाने मुबलक आहेत. निरोगी गालाच्या अस्तरात सहसा न आढळणारी केराटिन ८ आणि १८ ही सांगाड्यातील तंतू-प्रथिने त्यांत अनेकदा दिसतात. तेथून आरंभ करावास, असे मला मनापासून वाटते.

पुढच्या भेटीला येताना ॲक्टिन, त्याला चिकटणाऱ्या फॅलॉइडिन या पदार्थाने रंगवून, ताटलीतल्या आणि जेलवरच्या पेशींची चित्रे शेजारी-शेजारी लावून आण.

तुझे शुभचिंतक,
मार्गदर्शक