मेकॅनिकल इंजिनिअरने पेटंटच्या क्षेत्रात येण्यासाठी आधी एलएलबी करावी का?

तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर आहात, तीन वर्षं डिझाइन विभागात काढली आहेत आणि नोकरी सोडून एलएलबीला जावं का, असं विचारताय. माझं स्पष्ट मत: आत्ता नको. पेटंट एजंट, म्हणजे इतरांचे पेटंट अर्ज लिहून पेटंट कार्यालयात चालवणारा नोंदणीकृत माणूस, व्हायला कायद्याची पदवी लागत नाही. पेटंट कायदा, 1970 च्या कलम 126 नुसार भारतीय नागरिकत्व, 21 वर्षं पूर्ण वय आणि विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी असली की पेटंट एजंटची परीक्षा देता येते.

दोन लेखी पेपर असतात, प्रत्येकी 100 गुणांचे. पहिला कायदा आणि नियमांचा, दुसरा ड्राफ्टिंगचा, म्हणजे पेटंट अर्जाचा मसुदा लिहिण्याचा. शिवाय 50 गुणांची तोंडी. दोन्ही पेपरांत किमान 50 हवेत, पण एकूण 60 टक्के, म्हणजे 250 पैकी 150 लागतात. लेखीत जेमतेम 50-50 मिळाले तर तोंडीत पैकीच्या पैकी मिळवावे लागतील! परीक्षा दरवर्षी ठरलेल्या महिन्यात होत नाही, म्हणून जाहिरातीची वाट न बघता तयारी सुरू करा.

इंजिनिअर अडखळतो तो ड्राफ्टिंगमध्ये. ड्रॉइंग अचूक काढायची सवय असल्याने तो क्लेमही, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क हवा ते सांगणारं अर्जातलं वाक्य, तितकाच नेमका लिहितो. समजा, एका व्हॉल्व्हमध्ये झडप मागे ढकलायला कॉइल स्प्रिंग आहे आणि क्लेममध्ये तुम्ही ‘कॉइल स्प्रिंग’च लिहिलंत. प्रतिस्पर्धी तिथे रबराचा ठोकळा बसवेल आणि शब्दशः क्लेमच्या बाहेर जाईल. मुख्य क्लेममध्ये ‘लवचीक घटक’ म्हणा, कॉइल स्प्रिंग त्यावर अवलंबून असलेल्या खालच्या क्लेममध्ये ठेवा. पण मग वर्णनात रबर, लीफ स्प्रिंग हे पर्याय पहिल्या दिवसापासून लिहिलेले हवेत. कलम 59 मुळे मूळ तपशिलात नसलेली गोष्ट नंतर घालता येत नाही. ही चूक पुढे कितीही हुशार वकील दिला तरी दुरुस्त होत नाही.

सराव असा करा: तुमच्याच विषयातलं मंजूर झालेलं पेटंट घ्या, क्लेम झाकून फक्त वर्णन आणि आकृत्या वाचा, क्लेम स्वतः लिहा आणि मग ताडून बघा. पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या मोफत शोधप्रणालीवर अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाचा पहिला अहवाल आणि त्याला दिलेलं उत्तरही बऱ्याच अर्जांच्या फाइलमध्ये सापडतं. मेकॅनिकलवाल्यांनी कलम 3(फ) वर आलेले आक्षेप खास वाचावेत: ओळखीचे भाग नुसते शेजारी शेजारी मांडले आणि प्रत्येक आपापलं काम करत राहिला, तर तो शोध धरला जात नाही. अशी वीस-पंचवीस उत्तरं नीट वाचली की कायदा पाठ करावा लागत नाही.

दरम्यान पेटंट शोधाचं किंवा ड्राफ्टिंगचं काम करणाऱ्या फर्ममध्ये शिरायचा प्रयत्न करा. मुलाखतीला स्वतः लिहिलेला एक संपूर्ण मसुदा न्या, फक्त कंपनीचं गोपनीय डिझाइन त्यात वापरू नका.

एलएलबी लागते ती कोर्टात उभं राहायचं असेल तर. एजंटचा अधिकार पेटंट कार्यालयापुरता असतो, आणि 2021 मध्ये पेटंटची अपिलं ऐकणारं अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून अपिलं उच्च न्यायालयात जातात. तिकडे ओढ असेल तर तीन वर्षांची एलएलबी जरूर करा. मात्र वकिलीची सनद घेतल्यावर बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिली चालू ठेवून कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. कंपनीच्या पेटंट विभागातच राहायचं असेल, तर एजंटची नोंदणी पुरेशी आहे.