बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांना नेमकी काय मदत करावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की सांगलीतल्या एका बालगृहात समुपदेशक म्हणून लागून तुम्हाला चारच महिने झालेत, येत्या जूनमध्ये तिथली तीन मुलं अठरा पूर्ण करणार आहेत आणि त्यांचं पुढं काय, असं विचारलं की जो तो फाइलकडे बोट दाखवतो. मी साताऱ्यात याच कामात बारा-तेरा वर्षं काढली. फाइल लागतेच, पण तिच्याकडे नंतर येतो.

तिघंही जूनमध्येच कशी, याचा विचार केलात का? बहुधा तिघांचीही जन्मतारीख १ जून असणार. तारीख ठाऊक नसली की शाळेत १ जून टाकून मोकळं व्हायची आपल्याकडची जुनी रीत. आमच्याकडे एकदा एकाच सकाळी पाच पोरं सज्ञान झाली! आणि दिवस कुठले, तर बारावीचा निकाल नुकता लागलेला, आयटीआयचे प्रवेश व्हायचे, वसतिगृहं उघडायला ऑगस्ट उजाडणार आणि वर पाऊस. म्हणून पहिलं काम हे, की जून-जुलैत मूल कुठं राहील ते मार्चमध्येच ठरवा. अनुरक्षणगृहं, म्हणजे अठरानंतर संस्था सोडलेल्या मुलांना राहायला असलेली गृहं, प्रत्येक जिल्ह्यात नाहीत, असतील तिथं जागा आधी विचारावी लागते. कॉट बेसिसवर खोली बघायची तर डिपॉझिट कोण भरणार, इथपर्यंत बोलून घ्या.

आता कागद. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४६ मध्ये अठरा पूर्ण करून संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक मदत 'देता येईल' असं आहे, 'द्यावीच' असं नाही. त्यामुळे पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधारासाठी, महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे, साधारण २१ वर्षांपर्यंत, काही बाबतींत २३ पर्यंत. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती या दोन्हीकडे प्रस्ताव मूल अठराचं होण्याआधीच जाऊ द्या. पैसे हातात पडायला वेळ लागतो, हेही धरून चाला.

अनाथ प्रमाणपत्र असलेल्यांना २०१८ पासून राज्यात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. पण आई हयात असलेल्या मुलाला ते मिळत नाही, मग ती दहा वर्षांत एकदाही फिरकलेली नसली तरी. एकाच खोलीत वाढलेल्या दोघांपैकी एकाला प्रमाणपत्र आणि दुसऱ्याला नाही, हे तुम्हाला त्या दुसऱ्याला समजावून सांगावं लागेल. मला ते कधी नीट जमलं नाही.

एक बारीकशी गोष्ट, जी कुठल्याच फाइलमध्ये नसते. तिघांच्या आधारला आणि बँक खात्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते बघा. बहुतेक वेळा तो अधीक्षकांचा असतो. सरांची बदली झाली की पोरगं साताऱ्यात आणि ओटीपी भलत्याच जिल्ह्यात! स्वतःचं सिमकार्ड, स्वतःचा नंबर आणि खातं सज्ञान म्हणून नव्यानं केवायसी करून घेणं, हे जमेल तितक्या लवकर उरका.

माझी चूक सांगतो. एका मुलाचं सगळं मीच केलं. आयटीआयचा फॉर्म मी भरला, एमआयडीसीत काम मी बघितलं, खोली आणि मेसही मीच लावून दिली. मोठ्या समाधानात होतो. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी भेटायला गेलो तर चेहरा उतरलेला. आदल्या रात्री उपाशी झोपला होता. खिशात तीनशे रुपये, समोर वडापावची गाडी. विचारलं तर म्हणाला, "सर, मेसवाल्या काकू म्हणाल्या आज रात्री जेवण नाही." रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. पण खरी गोष्ट ती नव्हती. अकरा वर्षं घंटा वाजली की जेवला होता तो. जेवण नाही म्हणजे नाही, एवढंच त्याला माहीत.

तेव्हापासून मी सोळाव्या वर्षीच सुरुवात करायला लागलो. तुमच्याकडे वेळ कमी आहे, तरी हे करा. दर रविवारी एकाला पाचशे रुपये आणि यादी देऊन गणपती पेठेत पाठवा, येताना हिशेब आणायचा. यादीत एक वस्तू मुद्दाम मोघम लिहा, म्हणजे ठरवावं लागेल. एकट्याला एसटीनं मिरजेला पाठवा. ताप आला तर सिव्हिलमध्ये केसपेपर त्यालाच काढू द्या, तुम्ही बाकावर बसा. पैसे हरवतील, एखादा सिनेमाला जाऊन येईल. ते आत्ता झालेलं बरं. साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं, तिथली पोरं स्वतः राबायची. आपण सुरक्षेच्या नावाखाली मुलांच्या हातून सगळंच काढून घेतलं, असं माझं मत. 'कमवा आणि शिका' चालणारं कॉलेज मिळालं तर आधी तेच बघा.

नातेवाइकांबाबत सावध राहा. वर्षानुवर्षं न दिसलेले मामा-काका अठराव्या वर्षी अचानक उगवतात. मुलगा असेल तर पगारासाठी, मुलगी असेल तर स्थळ घेऊन. सगळेच वाईट नसतात, पण जायचं की नाही हे मुलानं ठरवण्याआधी तिथं दोन-चार दिवस राहून यावं.

आणि फोन. "काही लागलं तर कर" असं सांगू नका, ही मुलं काही लागलं तरी करत नाहीत. तुम्ही करा. वार ठरवा, कामाशिवाय करा, पहिले सहा महिने तरी चुकवू नका. तुम्ही नोकरी सोडलीत तर दुसरं कोण करेल, तेही ठरवून ठेवा.

दिवाळीचं बोलणं मे महिन्यातच करा. कंपनीला सुट्टी, मेस बंद, खोलीवरचे सगळे गावी. आमच्याकडे त्या दिवसांत जुनी मुलं घरी येतात. मागच्या दिवाळीत तो रविवारवाला आला, कंदी पेढे घेऊन. पेढे ठेवले आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाला, "काकू, आमटी पातळ झालीय."